गुण वाढवणारा ऐच्छिक विषय कसा निवडावा: बडोद्यातील मराठी विद्यार्थ्यांसाठी

चांगले गुण मिळावेत म्हणून सोपा ऐच्छिक विषय घेण्यात कमीपणा काहीच नाही. मुख्य विषय म्हणून रसायनशास्त्र, अकाउंटन्सी किंवा अभियांत्रिकीची एखादी अवघड शाखा घेतलेली असते, आठवड्याचे बहुतेक तास त्यातच जातात, आणि मग उरलेल्या थोड्या क्रेडिटांनी (क्रेडिट म्हणजे विषयाचे वजन मोजणारे एकक) श्रेणी सावरावी अशी अपेक्षा ठेवणे व्यवहाराला धरूनच आहे. अडचण असते ती निवडीच्या पद्धतीत. फॅकल्टीच्या पायऱ्यांवर भेटलेला सिनिअर ‘अमुक पेपर घे, डोळे झाकून मार्क मिळतात’ असे सांगतो, ग्रुपवर चौघे त्याला दुजोरा देतात आणि पोर्टलवर तोच पर्याय दाबला जातो. त्या सिनिअरला तो पेपर सोपा का गेला, हे मात्र कोणी विचारत नाही. कदाचित तो शाळेत तोच विषय शिकून आला असेल; कदाचित त्या वर्षी पेपर काढणारे प्राध्यापक आता बदलले असतील. एखादा विषय आपल्याला सोपा जाईल का, हे मुख्यतः तीन गोष्टींवर ठरते: त्याचे मूल्यमापन कसे होते, आपली पूर्वतयारी किती आहे आणि आपल्या आठवड्यात तो कुठे बसतो. या तिन्हींची चौकशी फॉर्म भरण्याच्या आधीच्या आठवड्यात बरीचशी घरबसल्या करता येते.

आधी हिशेब मांडावा

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दहा गुणांच्या श्रेणीपद्धतीत ‘ओ’ श्रेणीला १०, ‘ए प्लस’ला ९, ‘ए’ला ८, ‘बी प्लस’ला ७, ‘बी’ला ६, ‘सी’ला ५ आणि ‘पी’ला ४ श्रेणीगुण मिळतात. प्रत्येक विषयाच्या क्रेडिटांना त्याच्या श्रेणीगुणाने गुणायचे, सर्व गुणाकारांची बेरीज करायची आणि तिला एकूण क्रेडिटांनी भागायचे, की त्या सेमिस्टरचा एसजीपीए निघतो. सर्व सेमिस्टरांना मिळून हेच केले की सीजीपीए निघतो. हे गणित बहुतेकांना माहीत असते, परंतु ऐच्छिक विषय निवडण्यापूर्वी ते कागदावर मांडून पाहणारे फार थोडे असतात.

एक उदाहरण घेऊ. समजा प्रत्येक सेमिस्टर २२ क्रेडिटांचे आहे, चार सेमिस्टर झाली आहेत आणि सीजीपीए ६.८ आहे. पाचव्या सेमिस्टरमध्ये इतर १८ क्रेडिटांत सरासरी ७ श्रेणीगुण मिळतील असे धरले, तर चार क्रेडिटांच्या ऐच्छिक विषयात ६ मिळाल्यास सीजीपीए साधारण ६.८० राहतो आणि ९ मिळाल्यास तो साधारण ६.९१ होतो. म्हणजे तीन श्रेणींची झेप घेऊनही एकूण निकालात फरक पडतो तो एक दशांशाच्या आसपास. हीच झेप पहिल्या सेमिस्टरमध्ये घेतली असती, तर त्या वेळचा सीजीपीए अर्ध्या गुणाहून अधिक हलला असता, परंतु पुढे क्रेडिटे वाढत गेल्यावर तो फायदाही विरळ होतो आणि अखेरच्या निकालात दोन्ही झेपांचे वजन सारखेच राहते. फक्त त्या एका सेमिस्टरचा एसजीपीए मात्र दोन्ही वेळा तेवढाच, म्हणजे अर्ध्याहून थोडा अधिक, वाढतो.

या हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते आणि माझ्या मते तीच सर्वांत उपयोगाची आहे. चार क्रेडिटांच्या ऐच्छिक विषयात तीन श्रेणी वर जाणे आणि बारा क्रेडिटांच्या मुख्य विषयांत फक्त एक श्रेणी वर जाणे, या दोहोंची किंमत एकच आहे; दोन्हीकडे बारा गुणांची भर पडते. त्यामुळे सोप्या ऐच्छिक विषयाचा खरा फायदा पुष्कळदा त्याच्या स्वतःच्या गुणांत नसतो. तो त्याने वाचवलेल्या वेळात असतो, आणि तो वेळ मुख्य विषयाकडे वळवला तरच तो निकालात दिसतो. जो पेपर ९ श्रेणीगुण देतो पण दर आठवड्याला सादरीकरण, फाइल आणि फील्ड-व्हिजिट मागतो, तो गुणपत्रिकेवर सोपा असला तरी एकूण निकालाला महाग पडू शकतो.

श्रेणी टक्क्यांच्या टप्प्यांनी ठरते, की मिळालेल्या गुणांना थेट दहाने भागून श्रेणीगुण काढले जातात, हेही जुन्या गुणपत्रिकेच्या मागील बाजूस पाहून घ्यावे. टप्प्यांची पद्धत असेल तर ६९ आणि ७० यांत एका पूर्ण श्रेणीचे अंतर पडू शकते. थेट भागाकार असेल तर एका गुणाची किंमत एका गुणाएवढीच राहते. पहिल्या प्रकारात, तुमची तयारी सध्या टप्प्याच्या अगदी खाली नेणारी असेल, तर इंटर्नलचे, म्हणजे अंतर्गत मूल्यमापनाचे, चार-पाच गुण हमखास देणारा पेपर अधिक लाभाचा ठरतो.

निवडीला खरी मोकळीक कुठे आहे

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ला अनुसरून आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवी अभ्यासक्रमांचा आराखडा प्रसिद्ध केला. त्यात तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० आणि चार वर्षांच्या पदवीला किमान १६० क्रेडिटे धरली आहेत. तीन वर्षांच्या पदवीत मुख्य विषयाला ६०, दुय्यम विषयाला २४, बहुविद्याशाखीय विषयांना ९, भाषिक क्षमतेच्या विषयांना ८, कौशल्यविषयांना ९ आणि मूल्यवर्धक विषयांना ६ ते ८ क्रेडिटे अशी साधारण वाटणी आहे. गुजरातमधील राज्य विद्यापीठांत ही रचना २०२३-२४ पासून लागू झाली असून, राज्याने आणि विद्यापीठांनी आपापल्या सोयीने क्रेडिटांच्या आकड्यांत फेरफार केले आहेत. तेव्हा आपल्या फॅकल्टीने छापलेला तक्ता हाच अखेरचा मानावा.

या सहा प्रकारांपैकी मुख्य विषयात ‘सोपे’ शोधण्याला फारसा वाव नसतो. दुय्यम विषय ही एक-दोन पेपरांची निवड नाही. ती अनेक सेमिस्टर चालणारी साखळी आहे. पहिला पेपर ओळखीचा आणि सौम्य वाटला म्हणून अर्थशास्त्र घेतले आणि पुढे गणिती अर्थशास्त्र समोर आले, असे होऊ शकते. म्हणून दुय्यम विषय घेताना त्याच्या शेवटच्या पेपराचा अभ्यासक्रम आधी वाचावा. खरी मोकळीक उरते ती बहुविद्याशाखीय, भाषिक, कौशल्य आणि मूल्यवर्धक या चार रकान्यांत. त्यांतही बहुविद्याशाखीय विषयांना एक अट आहे. आयोगाच्या आराखड्यानुसार बारावीला जे विषय शिकून झाले आहेत, तेच पुन्हा या रकान्यात घेता येत नाहीत. बारावी कॉमर्सला अकाउंट्स शिकलेल्या विद्यार्थ्याने सायन्सवाल्यांसाठी ठेवलेला प्राथमिक अकाउंट्सचा पेपर घेऊन गुण मिळवावेत, ही सर्वांत पहिली सुचणारी युक्ती तिथेच अडते. पोर्टलने असा पर्याय चुकून स्वीकारला तरी पुढे क्रेडिटांच्या पडताळणीत तो नाकारला जाण्याचा धोका राहतो.

विषयाच्या सांकेतिक क्रमांकाकडे सहसा कोणी पाहत नाही, पण तो बोलका असतो. त्याच आराखड्यात १०० ते १९९ हे क्रमांक पायाभूत पेपरांना, २०० ते २९९ मध्यम पातळीला, ३०० ते ३९९ वरच्या पातळीला आणि ४०० ते ४९९ प्रगत पातळीला दिलेले आहेत. आपल्या विद्यापीठाने ही क्रमवारी स्वीकारली असेल, तर यादीतील दोन सारख्याच नावांच्या पेपरांपैकी कोणता ओळख करून देणारा आहे आणि कोणता पूर्वज्ञान गृहीत धरणारा आहे, हे क्रमांकावरून कळते.

क्रेडिट म्हणजे किती तास, हाही मुद्दा इथेच येतो. वर्गात शिकवल्या जाणाऱ्या विषयाचे एक क्रेडिट म्हणजे सेमिस्टरभरात पंधरा तास, परंतु प्रात्यक्षिकाचे किंवा समाजकार्याचे एक क्रेडिट म्हणजे तीस तास. दोन क्रेडिटांचा प्रात्यक्षिक पेपर, ज्यात ‘लेखी परीक्षा नाही म्हणून सोपा’ असे म्हटले जाते, तो साठ तास मागतो. ज्याला रोज पादरा किंवा डभोईहून ये-जा करावी लागते, त्याने हा फरक विशेष ध्यानात घ्यावा.

अभ्यासक्रमाच्या पानावर काय वाचावे

विषयाचे नाव वाचून निर्णय घेऊ नये. अभ्यासक्रमाच्या पीडीएफमध्ये शेवटी मूल्यमापनाचा जो छोटा तक्ता असतो, तो आधी उघडावा. इंटर्नल किती आणि विद्यापीठाची परीक्षा किती, इंटर्नलमध्ये लेखी चाचणी आहे की असाइनमेंट, उपस्थितीला गुण आहेत का, आणि दोन्हींत स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावे लागते का, या चार प्रश्नांची उत्तरे तिथे मिळतात. नियमितपणे काम करणारा पण परीक्षेत घाबरणारा विद्यार्थी इंटर्नलला जास्त वजन असलेल्या पेपरात पुढे जातो. ज्याचे सेमिस्टर गणपती, मग नवरात्र, मग दिवाळी अशा सुट्यांमध्ये विखुरले जाते आणि शेवटच्या तीन आठवड्यांत जो झपाट्याने अभ्यास करतो, त्याला लेखी परीक्षेवर भर असलेला पेपर परवडतो. आपण यांपैकी कोण आहोत, हे मागील दोन सेमिस्टरच्या गुणपत्रिकांवरून ठरवावे. जुलैमध्ये मनात आलेल्या संकल्पांवरून ठरवू नये. बडोद्यात गरब्याचे नऊ दिवस आणि इंटर्नल चाचण्यांचे दिवस पुष्कळदा एकमेकांच्या पायात येतात, आणि अशा वेळी कोण जिंकते हे आपल्याला ठाऊक असते.

यानंतर मागील तीन-चार वर्षांच्या प्रश्नपत्रिका मिळवाव्यात. ग्रंथालयात त्या नसतील, तर फॅकल्टीजवळच्या झेरॉक्सच्या दुकानांत त्यांचे संच बहुधा मिळतात. प्रश्नपत्रिका वाचताना प्रश्न अवघड आहेत का, यापेक्षा ते फिरून फिरून येतात का, पर्याय किती दिले आहेत आणि उत्तर वर्णनात्मक लिहायचे आहे की मोजके, हे पाहावे. अभ्यासक्रमाचे चार भाग असून प्रत्येक भागातून एक प्रश्न सक्तीचा असेल, तर काही सोडून देता येत नाही. आठपैकी कोणतेही पाच प्रश्न सोडवायचे असतील, तर भार बराच हलका होतो. वर्णनात्मक उत्तरांच्या पेपरात उत्तीर्ण होणे सोपे असते, परंतु ८० च्या वर जाणे कठीण असते. संख्याशास्त्राच्या प्राथमिक पेपरात किंवा संगणकावरील तक्त्यांच्या पेपरात याच्या उलट होते, कारण बरोबर उत्तराला पूर्ण गुण देण्यावाचून परीक्षकाला गत्यंतर नसते. माझा अनुभव असा की ‘आर्ट्‌सचे पेपर सोपे असतात’ हे वाक्य केवळ उत्तीर्ण होण्यापुरते खरे असते. श्रेणी उंचावायची असेल, तर गणिताची भीती नसलेल्या विद्यार्थ्याने प्राथमिक संख्याशास्त्राचा पेपर बाजूला टाकू नये.

काही संस्थांत श्रेणी सापेक्ष पद्धतीने दिली जाते, म्हणजे तुमचे गुण वर्गाच्या एकूण वाटणीत कुठे बसतात यावरून ती ठरते. तिथे सर्वांना सोपा जाणारा विषय हा सापळा असतो, कारण सर्वांनाच ८५ मिळाले तर ८५ ला काही विशेष श्रेणी उरत नाही. अशा संस्थेत वर्गातील बहुसंख्यांना अवघड आणि आपल्याला तुलनेने ओळखीचा, असा पेपर शोधावा लागतो. निरपेक्ष पद्धत असेल तर हा विचार करण्याचे कारण नाही.

गटाने करायच्या प्रकल्पाला किती गुण आहेत, हेही पाहावे. गट स्वतः निवडता येत असेल तर ते गुण चांगले मिळतात. हजेरीपटाच्या क्रमाने गट पाडले जात असतील, तर दुसऱ्याच्या आळसाचा वाटाही आपल्या पदरात पडतो.

घरची भाषा म्हणून मराठी

बडोद्यातील मराठी घरांत हा प्रश्न दरवर्षी निघतो, म्हणून त्याचा जरा सविस्तर विचार करतो. भाषिक क्षमतेच्या किंवा बहुविद्याशाखीय रकान्यात मराठीचा पेपर उपलब्ध असला, की आजी-आजोबा म्हणतात, ‘घरात बोलतोच की आपण, घेऊन टाक.’ महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कला शाखेत मराठीचा विभाग आहे, शहरात मराठी वाचणारा मोठा वर्ग आहे, तेव्हा हा सल्ला वावगा नाही. तरीही दांडिया बाजारातल्या किंवा बाबाजीपुऱ्यातल्या ज्या मुलाचे सगळे शिक्षण गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात झाले आहे, त्याला बोलण्याची मराठी येते, उत्तरपत्रिकेची मराठी येतेच असे नाही. आणि गुण उत्तरपत्रिकेला मिळतात.

अडचणी कुठे येतात ते नेमके सांगता येते. गुजराती लिपीला शिरोरेषा नसते आणि अ, इ, ख, च, ज, झ, फ, ब, भ या अक्षरांची वळणे देवनागरीपेक्षा वेगळी असतात, त्यामुळे देवनागरी वाचता येत असली तरी तीन तास वेगाने लिहिण्याचा हाताला सराव नसतो. हिंदी शाळेत शिकलेली असल्याने लिपीची तोंडओळख असते, परंतु ळ लिहिताना हात अडखळतो. गुजरातीत ‘माटे’ वेगळे लिहिले जाते, त्या सवयीने ‘मुलांसाठी’ हा शब्द ‘मुलां साठी’ असा तोडून लिहिला जातो. गुजरातीतील ‘तुं’ ऱ्हस्व, मराठीतील ‘तू’ दीर्घ. घरी आपण ‘त्यानं केलं’ असे बोलतो आणि औपचारिक लेखनात ‘त्याने केले’ असे लिहितो. एकाच उत्तरात दोन्ही रूपे मिसळली की परीक्षकाला ते लगेच खटकते. बडोद्याच्या बोलण्यात गुजराती शब्द आणि क्रियापदे सहज मिसळतात आणि घरात ती कुणाला परकी वाटत नाहीत, पण उत्तरपत्रिकेत त्यांच्याखाली लाल रेघ येते.

यांवरचे उपाय मात्र अवाक्याबाहेरचे नाहीत. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम एकूण अठरा आहेत. त्यांतले चौदा १९६२ मध्ये आणि उरलेले चार १९७२ मध्ये आले, आणि ते सगळे मिळून काही पानांत मावतात. त्यांतले दोन नियम पक्के केले तरी चुका बऱ्याच कमी होतात: मराठी शब्दाच्या शेवटी येणारा इकार आणि उकार दीर्घ लिहावा, जसे ‘पाटी’, ‘वस्तू’, आणि शेवटचे अक्षर अकारान्त असेल तर त्याच्या आधीचा इकार किंवा उकार दीर्घ लिहावा, जसे ‘गरीब’, ‘वसूल’. मात्र ‘गुण’, ‘विष’ यांसारख्या संस्कृतातून जशाच्या तशा आलेल्या शब्दांना हा दुसरा नियम लागू होत नाही.

निवड करण्यापूर्वी स्वतःची एक चाचणी घ्यावी. मराठी वर्तमानपत्रातील एक अग्रलेख न अडखळता वाचावा, घड्याळ लावून अर्ध्या तासात त्याचा सारांश हाताने दीड पान लिहावा आणि तो घरातल्या मराठी माध्यमात शिकलेल्या व्यक्तीला तपासायला द्यावा. आई, काका, शेजारच्या निवृत्त शिक्षिका, जे कोणी असतील ते चालतील, फक्त त्यांनी लाड करू नयेत. दीड पान पूर्ण झाले आणि चुका पंधरा-वीसच्या आत राहिल्या, तर सेमिस्टरभरात हा विषय हमखास जमतो. अर्धेच पान झाले, तर तो विषय आवडीने जरूर घ्यावा, पण सोपा म्हणून घेऊ नये.

मराठीचे एकाहून अधिक पेपर उपलब्ध असतील, तर व्यावहारिक मराठीचा पेपर गुणांच्या दृष्टीने सरस असतो. पत्र, वृत्तान्त, जाहिरात, अनुवाद यांचे ठरलेले आकृतिबंध असतात, ते सरावाने बसतात आणि आकृतिबंधाला स्वतंत्र गुण मिळतात. साहित्याच्या पेपरात नेमलेली पुस्तके प्रत्यक्ष वाचलेली असावी लागतात. एखाद्या कवितेवर दोन पाने लिहिण्याची सवय नसेल, तर बोलण्यातील सफाई तिथे फारशी कामाला येत नाही. पुस्तकांची चिंता मात्र नको. मांडवीजवळील मध्यवर्ती ग्रंथालयात, जे १९१० पासून चालू आहे, मराठी पुस्तकांचा मोठा साठा आहे, आणि विद्यापीठाचे हंसा मेहता ग्रंथालय आहेच.

भाषेच्या वर्गात विद्यार्थी थोडे असतात, याकडेही लक्ष वेधावेसे वाटते. लहान वर्गात प्राध्यापक प्रत्येक वही वाचतात आणि प्रत्येकाला नावाने ओळखतात. नियमित येणाऱ्याला याचा मोठा लाभ होतो, कारण चूक वेळेवर दाखवली जाते. दोनशेंच्या वर्गात दडी मारून उत्तीर्ण होण्याची ज्याला सवय आहे, त्याने मात्र इथे येऊ नये.

‘सोपे’ म्हणून प्रसिद्ध असलेले इतर विषय

पर्यावरणाचा पेपर वाचून जमतो. त्यावर अधिक लिहिण्यासारखे नाही. योग आणि क्रीडा या विषयांत लेखी भाग थोडा आणि उपस्थिती सर्वस्व असते. सकाळी सातची वेळ असेल, तर हा सोपेपणा थंडीत टिकतो का, ते आपले आपण ठरवावे.

संगीताविषयी मराठी घरांत वेगळी परिस्थिती असते. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देत देत मध्यमापर्यंत पोहोचलेली मुले-मुली या शहरात पुष्कळ सापडतात. बडोद्याची गायनशाळा मौलाबक्षांनी १८८६ मध्ये सुरू केली आणि आजची परफॉर्मिंग आर्ट्‌स फॅकल्टी तिच्यातूनच वाढली, त्यामुळे शिकवणारेही येथे तोलामोलाचे आहेत. तबला किंवा गायनाचा प्राथमिक पेपर इतर शाखांच्या विद्यार्थ्यांना खुला असेल, तर मध्यमा झालेल्याला तो जवळजवळ तयारच असतो. फक्त अंतर मोजावे. सायन्स आणि कॉमर्सचे वर्ग सयाजीगंजात, परफॉर्मिंग आर्ट्‌स सूरसागरासमोर आणि इंजिनिअरिंग कलाभवनात. दुपारी बारा वाजता रावपुऱ्यातून स्कूटर काढून पुढच्या तासाला पोहोचणे आठवड्यातून दोनदा जमत नाही, आणि सुटलेला तास मुख्य विषयाचा असतो.

परदेशी भाषेचा प्राथमिक पेपर मला नेहमीच दुर्लक्षित वाटतो. सुरुवातीच्या पातळीवर सगळेच कोरी पाटी घेऊन येतात, प्रश्न ठरावीक स्वरूपाचे असतात आणि बरोबर उत्तराला पूर्ण गुण मिळतात. अट एवढीच, की रोज अर्धा तास द्यावा लागतो. दोन आठवडे खंड पडला की मागचे सगळे पुसले जाते.

मानसशास्त्राची ओळख करून देणारा पेपर आकर्षक वाटतो, पण त्यातील संज्ञा आणि सिद्धान्त बरेच असतात आणि उत्तरे वर्णनात्मक असतात. रस असेल तर तो पेपर घ्यावा. गुणांसाठी मी तो सुचवणार नाही.

ऑनलाइन पर्याय

‘स्वयम’ या शासकीय व्यासपीठावरील अभ्यासक्रम आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सेमिस्टरमधील एकूण अभ्यासक्रमाच्या ४० टक्क्यांपर्यंत ग्राह्य धरता येतात. त्यावरच मिळणाऱ्या ‘एनपीटेल’च्या, म्हणजे आयआयटींनी चालवलेल्या, अभ्यासक्रमांत साप्ताहिक असाइनमेंटना २५ आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला ७५ गुण असतात, बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात सर्वोत्तम आठ असाइनमेंट धरल्या जातात आणि प्रमाणपत्रासाठी असाइनमेंटमध्ये २५ पैकी १० व परीक्षेत ७५ पैकी ३० गुण लागतात. असाइनमेंटची उत्तरे ग्रुपवर फिरतात, म्हणून हा मार्ग सोपा समजला जातो, परंतु निकालाचे तीन चतुर्थांश वजन देखरेखीखालील परीक्षेत आहे. हा मार्ग घ्यायचा असल्यास नोंदणीच्या आधी विभागप्रमुखांकडून लेखी मान्यता घ्यावी, क्रेडिटे किती आणि कोणत्या रकान्यात धरली जातील हे त्या पत्रात लिहून घ्यावे, आणि परीक्षेची तारीख विद्यापीठाच्या परीक्षेवर येत नाही ना ते पाहावे. तोंडी ‘चालेल’ यावर विसंबू नये.

कोणत्या आकड्यासाठी धडपड आहे

किती गुण हवेत हे ठरले नसेल, तर सोपा विषय शोधण्याचाही नेम चुकतो. चार वर्षांच्या पदवीत संशोधनासह ऑनर्स हवे असेल, तर पहिल्या सहा सेमिस्टरांत ७५ टक्के लागतात. चार वर्षांच्या पदवीनंतर थेट पीएच.डी.कडे जाण्यासाठीही खुल्या गटाला ७५ टक्क्यांची अट आहे. सीएच्या इंटरमीडिएटला थेट प्रवेशासाठी कॉमर्सच्या पदवीधराला ५५ आणि इतर शाखांच्या पदवीधराला ६० टक्के लागतात. बी.एड.ला साधारणतः ५० टक्के पुरतात. ज्याचे ५० चे काम आहे आणि ज्याच्याकडे ६२ आहेत, त्याने गुणांसाठी नावडता विषय घेण्यात अर्थ नाही. त्याने पुढे उपयोगी पडेल तोच घ्यावा. ज्याला ७३ वरून ७५ वर जायचे आहे, त्याला मात्र प्रत्येक चार क्रेडिटांचा हिशेब करावा लागेल.

पदव्युत्तर प्रवेशासाठी काही विद्यापीठे त्या विषयाची ठरावीक क्रेडिटे पदवीला झालेली असावीत अशी अट घालतात. अर्थशास्त्रात एम.ए. करायचे मनात असेल आणि संख्याशास्त्राचा पेपर टाळून योगाचा घेतला, तर गुण वाढतील पण पुढचे दार अरुंद होईल. म्हणून ज्या दोन-तीन अभ्यासक्रमांकडे जाण्याची शक्यता आहे, त्यांची पात्रता फॉर्म भरण्याआधी वाचून ठेवावी.

सिनिअरना काय विचारावे आणि पुढे काय करावे

सिनिअरचा सल्ला टाकाऊ नसतो, प्रश्न टाकाऊ असतो. ‘ताई, तुम्हाला हा पेपर कसा गेला?’ असे विचारले की ‘मस्त’ एवढेच उत्तर येते. त्याऐवजी, वर्गात साधारण कितींना ‘ए’ किंवा त्यावरची श्रेणी मिळाली, इंटर्नलचे गुण केव्हा आणि कसे कळले, असाइनमेंट उशिरा दिल्यास काय झाले, शिकवणारे आणि पेपर काढणारे एकच होते का, आणि तुम्ही बारावीला कोणत्या शाखेत होता, असे विचारावे. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण त्यावरून त्यांचा अनुभव आपल्याला कितपत लागू पडतो ते समजते. चांगली श्रेणी मिळालेल्या एकाशी आणि एटीकेटी लागलेल्या, म्हणजे पेपर राहून पुढच्या वर्गात गेलेल्या, एकाशी, अशा दोघांशी तरी बोलावे. दुसरी व्यक्ती शोधायला वेळ लागतो, पण पेपर कुठे फसवतो ते तीच सांगू शकते.

यादीतील पहिल्या पसंतीबरोबर दुसरी आणि तिसरी पसंतीही तितक्याच गांभीर्याने भरावी. लोकप्रिय पेपरांच्या जागा पहिल्या दिवशीच संपतात आणि उरलेल्यांना पोर्टल मिळेल तो विषय देते. विषय सुरू झाल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत प्रत्येक तासाला बसावे. विषय बदलण्याची मुदत बहुधा याच सुमारास असते आणि ती एखाद्या लहानशा सूचनेतून जाहीर होते. बदलायचे ठरल्यास अर्जाची पोच घ्यावी आणि नव्या विषयाच्या हजेरीपटावर नाव चढल्याचे पाहिल्याशिवाय जुन्या वर्गाला जाणे थांबवू नये, कारण बहुतेक ठिकाणी ७५ टक्के उपस्थितीची अट पहिल्या दिवसापासून मोजली जाते.

निकाल लागल्यावर गुणपत्रिकेत श्रेणीइतकेच रकान्याकडेही पाहावे. बहुविद्याशाखीय म्हणून घेतलेला पेपर कौशल्यविषयात नोंदला गेला, तर श्रेणी चांगली असूनही एका रकान्यात क्रेडिटे कमी पडतात आणि ही त्रुटी पदवी मिळण्याच्या वेळी उघडकीस येते. अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्‌स या क्रेडिटांच्या ऑनलाइन नोंदवहीतील आपल्या खात्यात जाऊन तिथली नोंद गुणपत्रिकेशी जुळते का ते तपासावे, आणि जुळत नसल्यास पुढच्या सेमिस्टरचा ऐच्छिक विषयांचा फॉर्म भरण्यापूर्वी दुरुस्तीचा लेखी अर्ज परीक्षा विभागात द्यावा.